दुकान बंद करताना वाकणारी मुलगी

जपानी कंपनीला आपला गेम अमेरिकेत आणि युरोपात विकायचा असला, की कित्येकदा ती आधी तो ऑस्ट्रेलियात गाजावाजा न करता सोडते. हे मला अ‍ॅडलेडला येईपर्यंत माहीत नव्हतं. इथली माणसं इंग्रजी बोलतात, अमेरिकेतल्यांसारखेच फोन वापरतात, पण संख्येने थोडी. गेम इथे पडला तर जगात बोभाटा होत नाही. आमटीची चव बघायला थेंबभर तळहातावर घ्यावी, तसा हा देश त्यांच्या उपयोगी पडतो. हात भाजला तर भाजला, पंगत तर वाचते.

मी ज्या छोट्या कंपनीत होतो तिचं काम ही चव सांगण्याचं होतं. देशभरातले काही लोक आमच्यासाठी गेम खेळायचे. ते कुठे अडतात, कुठे कंटाळतात, कुठून कायमचे निघून जातात हे आम्ही पाहायचो, त्यांच्याशी बोलायचो आणि जपानला अहवाल पाठवायचो. ऑफिस अ‍ॅडलेडच्या मॉसन लेक्स या उपनगरात, मी जिथे मास्टर्स केलं त्या युनिव्हर्सिटीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. नोकरी लागली तेव्हा मला वाटलं, माझ्यासारखा भाग्यवान मीच.

तसं वाटायला कारण होतं. मी उदगीरचा. वडिलांची पिठाची गिरणी. आमच्या घरात माझ्या आधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. लहानपणी बाजारातून एक स्वस्तातला टीव्ही गेम आणला होता, पिवळ्या कॅसेटचा. त्यातले उड्या मारणारे, गोळ्या झाडणारे सगळे मूळचे जपानी होते, हे आम्हा पोरांच्या गावीही नव्हतं. आम्हाला ते चायना बाजारचे वाटायचे. पुढे पुण्याला इंजिनिअरिंग करताना कोणीतरी सांगितलं की जपानी शिकलास तर नोकरीला मरण नाही. मी टिळक रोडच्या एका क्लासला नाव घातलं. पहिल्या चाचणीचा पेपर हातात आला तेव्हा प्रत्येक उत्तरावर लाल शाईने गोल काढलेला होता. आमच्या शाळेत गोल म्हणजे भोपळा. मी पेपर दुमडून दप्तरात घातला आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. तास संपल्यावर बाईंनी बोलावून विचारलं, "अरे, वर्गात पहिला आलास आणि तोंड असं का?" जपानमध्ये बरोबर उत्तराला गोल काढतात आणि चुकीच्याला आपल्यासारखी बरोबरची खूण करतात, हे मला त्या दिवशी कळलं.

ही गंमत पुढे नोकरीत कामाला आली. जपानी खेळाडू 'हो' म्हणायला गोलाचं बटण दाबायचा आणि 'नको' म्हणायला फुलीचं. इकडे उलटं. बटणं न बदलता गेम इकडे पाठवला तर माणूस पहिल्याच पडद्यावर 'नको, नको' म्हणत बसतो आणि गेम बिघडलाय असं समजून तो काढून टाकतो. अशा गोष्टी शोधायच्या, ही माझी नोकरी.

महामारी आली तेव्हा मी ग्रॅज्युएट व्हिसावर होतो. तात्पुरत्या व्हिसावरच्या लोकांना सरकारी मदत नव्हती. माझ्या ओळखीतली किती तरी मुलं कॅफेतून, वेअरहाऊसमधून एका फोनवर घरी बसली. आमच्या मालकाने मला काढलं नाही. दिवस कमी केले, पण ठेवलं. त्याचे उपकार मी तेव्हा मानले आणि आजही मानतो. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे जे लिहायचं आहे ते कडू आहे.

त्या सुमारास आमच्याकडे ओसाकाच्या एका प्रकाशकाचा गेम आला. समुद्राकाठच्या गावातलं एक लहानसं जेवणाचं दुकान. एक मुलगी ते एकटी चालवते. खेळणाऱ्याने तिच्या वतीने भाजी चिरायची, नूडल्स उकळायच्या, गिऱ्हाइकांशी बोलायचं. बस्स. मारामारी नाही, शर्यत नाही. प्रकाशकाचे आधीचे दोन गेम पश्चिमेत आपटले होते. हा चालला तर ते आमच्याशी मोठा करार करणार होते.

मालकाने मला ऑफिसच्या मागच्या दाराशी, दोघांमध्ये नियमाचं अंतर ठेवून, सांगितलं, "हे गिऱ्हाईक बांधलं गेलं की रिसर्च लीडची जागा काढतो. ती तुझी. स्पॉन्सरशिपसकट."

माझा व्हिसा पुढच्या हिवाळ्यात संपत होता. सीमा बंद होत्या. बाहेर पडलो तर परत येता येईल याची खात्री नव्हती, आणि आत राहायला कंपनीच्या स्पॉन्सरशिपचा कागद लागत होता. म्हणजे या दुकानदार मुलीच्या हातात माझं इथे राहणं होतं. मी जीव तोडून काम केलं.

अहवाल लिहिताना मी जपान्यांचे जुने प्रयत्नही पाहिले. एक काळ असा होता की पश्चिमेला पाठवायचं म्हणजे आधी धुऊन काढायचं. भाताच्या मुटक्याला सँडविच म्हणायचं, देवळाला म्युझियम. पडद्यावर मुटका दिसतोय आणि खाली सँडविच लिहिलंय. खेळणारी पोरं काही मूर्ख नव्हती. मग काही प्रकाशकांनी उलटा झोका घेतला, स्वतःच पाश्चात्त्यांसारखे गेम करू लागले. दणकट, दाढीवाले, शिव्या देणारे नायक. ते खुद्द पश्चिमेतच ढिगाने मिळत होते, उसने कोण घेणार? जे टिकले त्यांनी वेगळंच केलं. आतलं काही हलवलं नाही, फक्त आत शिरणं सोपं केलं. अक्षरं मोठी केली, बटणं बदलली, विनोद शब्दशः न उतरवता इंग्रजीत नव्याने लिहिले, आणि जपानमध्ये ज्या दिवशी गेम येतो त्याच दिवशी इकडेही आणला. मी अहवालाच्या पहिल्या पानावर लिहिलं, की उंबरा दुरुस्त करा, घर पाडू नका.

पण माझा खरा शोध वेगळा होता.

गेममध्ये दिवस संपला की मुलगी दुकान बंद करते. दारावरचा कापडी पडदा काढून आत घेते, दिवा मालवते आणि रिकाम्या दुकानाकडे वळून कमरेत वाकते. आजच्यापुरते आभार, असं काहीतरी पुटपुटते. यात खेळण्यासारखं काही नाही. सुरुवातीला बहुतेक लोक तो भाग न बघता बटण दाबून पुढे ढकलत. आकड्यांत तेच दिसत होतं आणि मालकानेही तेच पाहिलं. मी पुढच्या आठवड्यांचे आकडे काढले. मेलबर्नची माणसं घरात कोंडलेली होती. तिथले खेळणारे हळूहळू तो भाग न ढकलता बघू लागले होते. आणखी विचित्र म्हणजे, काही जण गेम फक्त तेवढ्यासाठी उघडत होते. उघडायचा, दुकान बंद करायचं, झोपायला जायचं.

टूवूंबा या लांबच्या गावातल्या एका हॉस्पिटलात काम करणाऱ्या बाई आमच्यासाठी खेळायच्या. मी त्यांना फोनवर विचारलं, "तुम्ही हल्ली काही शिजवतच नाही, नुसतं दुकान बंद करता?"

त्या हसल्या. "डार्ल, शिफ्टवरून येते, कपडे गॅरेजमध्ये उतरवते, अंघोळ करते. तरी दिवस संपल्यासारखा वाटत नाही. ती पोरगी वाकली की मला वाटतं, चला, झालं आजचं."

मला हे समजायला फोनची गरज नव्हती खरं तर. आमचे वडील संध्याकाळी गिरणीचा पट्टा उतरवला की जात्याच्या लोखंडी तोंडाला हात लावून तो कपाळाला लावतात. गिरणीत कोणी नसतं तेव्हाही. लहानपणी मला त्याची लाज वाटायची, मित्र बरोबर असले की जास्तच. अ‍ॅडलेडला खोलीत बसून त्या मुलीला वाकताना बघितलं आणि मला पिठाचा वास आला.

मी सगळं लिहिलं. आकडे, बाईंचं म्हणणं, शिफारस. हा भाग कापू नका. सुरुवातीचे काही दिवस तो पूर्ण दिसू द्या, मग ज्याला नको त्याला पुढे ढकलायची सोय द्या. ज्याला सवय लागायची त्याला तोवर लागलेली असेल.

मालकाने सादरीकरणातून हे पान काढून मागे परिशिष्टात टाकलं. म्हणाला, "छान आहे, पण मऊ आहे, मेट. त्यांना ठोस काहीतरी देऊ."

सादरीकरणाच्या आधीच्या आठवड्यात त्याने मला फोन केला. "एक बदल करतोय. प्रेझेंट तो करेल."

तो म्हणजे आमचा नवा सहकारी. महामारीत बंद पडलेल्या गेमच्या दुकानातून तीनेक महिन्यांपूर्वी आमच्याकडे आलेला. तिशीतला, गोरा, उंच, रेडिओवरच्यासारखा आवाज. माणूस म्हणून चांगला. लहानपणापासून जपानी गेम खेळलेला, पण जपानीचं अक्षर न येणारा.

मी म्हणालो, "पण अहवाल माझा आहे."

"अर्थात तुझाच आहे. कोण नाही म्हणतंय? पण विचार कर. ते पैसे कशाचे मोजतायत? पाश्चात्त्य खेळाडूचं मत. ते तुझ्या तोंडून ऐकलं तर त्यांना कसं वाटेल? पर्सनल घेऊ नकोस."

"नाही, नाही."

"आणि तू इंटरप्रिट कर. जपानी तुझं मस्त आहे. कॅमेरा मात्र बंद ठेव, म्हणजे त्यांचं लक्ष त्याच्यावर राहील. ओके?"

"नो वरीज," मी म्हणालो. 'काही हरकत नाही' आणि 'आभार कसले', दोन्हींसाठी चालणारे हे दोन शब्द मी या देशात सगळ्यात आधी शिकलो आणि सगळ्यात जास्त वापरले.

माझा रूममेट पुण्याचा, आयटीतला, नुकताच पर्मनंट रेसिडेंट झालेला. तो घरून काम करायचा म्हणजे दिवसभर माझे फोन ऐकायचा. मी ठेवल्यावर त्याने कानातले हेडफोन काढले.

"म्हणजे लिहिलं तू, वाचणार तो, आणि मग ते जपानीत सांगणार परत तू?"

"हो."

"भारी आहे राव. कीर्तन तुझं, लाऊडस्पीकरही तूच, आणि हार बुवाच्या गळ्यात."

"अरे, मालक चांगला माणूस आहे. सगळ्यांना काढत होते तेव्हा त्याने मला ठेवलं."

"ठेवलं कारण तू स्वस्त आहेस. उदगीरकर, तुला कोणी पाणी दिलं तरी तू ग्लासला नमस्कार करतोस."

"स्पॉन्सर करणार आहे तो मला."

"लिहून दिलंय?"

 आमच्याकडे मोठ्या माणसाने दिलेला शब्द लिहून मागणं म्हणजे त्याचा अपमान. रूममेट हेडफोन चढवता चढवता म्हणाला, "मागून घे. एक ईमेल टाक फक्त." मी टाकला नाही.

अ‍ॅडलेड आणि ओसाका यांच्यात त्या ऋतूत अर्ध्या तासाचा फरक असतो. इतक्या लांबचा देश आणि घड्याळात शेजारी. सादरीकरणाच्या दिवशी पडद्यावर त्यांची खोली दिसली. चार माणसं, लांब लांब बसलेली, सगळ्यांना मास्क. मधोमध गेमच्या निर्मात्या बाई. साठीच्या, पांढरे आखूड केस. आमच्या बाजूला मालकाचा चेहरा, सहकाऱ्याचा चेहरा आणि एक राखाडी चौकोन, त्यात माझी अद्याक्षरं.

सहकारी छान बोलला. इतकं छान मला बोलता आलं नसतं, हेही खरं. मी इंग्रजीत लिहिलेलं वाक्य तो त्या आवाजात म्हणायचा, थांबायचा, आणि मी ते जपानीत सांगायचो. उंबऱ्याचं आणि घराचं वाक्य आलं तेव्हा निर्मात्या बाईंनी ते टिपून घेतलं. त्याच्याकडे बघून मान हलवली. स्वतःचंच वाक्य दुसऱ्याकडून ऐकून तिसऱ्याला सांगायचं होतं. मी पाणी पीत होतो. कॅमेरा बंद होता, ही त्यातल्या त्यात सोय.

मग बाईंनी प्रश्न विचारला. सादरीकरणात नसलेला. त्या म्हणाल्या, की दुकान बंद करण्याचा प्रसंग काढून टाकावा असं आमच्या मुख्य कार्यालयाचं म्हणणं आहे. पश्चिमेच्या लोकांना रिकाम्या दुकानापुढे वाकणं कळणार नाही, हास्यास्पद वाटेल. आज निर्णय घ्यायचा आहे. आपल्याला प्रामाणिकपणे काय वाटतं?

मी प्रश्न इंग्रजीत सांगितला. सहकाऱ्याने मालकाकडे पाहिलं. परिशिष्ट त्याने वाचलेलं नव्हतं, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. तो खुर्चीत सरसावला आणि म्हणाला, "खरं सांगू का? कापा. आमच्याकडे लोक स्किप करतात असलं काही. पटपट हवं असतं त्यांना. गोड आहे, पण गेला तरी कोणाला कळणार नाही."

चार मास्क माझ्या राखाडी चौकोनाची वाट पाहत थांबले.

जपानी बैठकीत शांतता चालते. उत्तर देणाऱ्याने विचार केला तर तो मानच समजतात. मी त्या शांततेचा फायदा घेतला. व्हिसा आठवला. करार व्हायचा असेल तर कापा म्हटल्याने तो मोडणार नव्हता. त्यांचं मुख्य कार्यालय तेच म्हणत होतं. मला फक्त त्याची तीन वाक्यं जपानीत म्हणायची होती.

मी बोलायला लागलो. मी सांगितलं, की सुरुवातीला लोक हा भाग पुढे ढकलतात हे खरं आहे. पण नंतर थांबतात. सांगितलं, की घरं बंद आहेत, ऑफिस स्वयंपाकघरात आलं आहे, आणि दिवस कुठे संपतो ते कोणालाच कळेनासं झालं आहे. एका हॉस्पिटलात काम करणाऱ्या बाई घरी येऊन फक्त हे दुकान बंद करतात आणि मग झोपतात. वाकणं कळायला जपानी असावं लागत नाही, दिवसभर काम केलेलं असावं लागतं. कृपा करून हा प्रसंग कापू नका. नंतर ढकलायची सोय द्या, पण कापू नका.

मी हे सगळं सहकाऱ्याच्या वतीने बोललो. त्याच्या वयाच्या पुरुषाने वडीलधाऱ्या बाईंशी बोलताना जे आदराचे शब्द वापरायला हवेत तेच वापरले.

मालक हसून इंग्रजीत म्हणाला, "जपानीत फार लांबतं नाही का सगळं?"

निर्मात्या बाईंनी चष्मा काढला.  मग सहकाऱ्याकडे थेट बघून म्हणाल्या, की हा प्रसंग मीच लिहिला होता. इतक्या लांबच्या, वेगळ्या मातीतल्या माणसाला तो असा कळला, हे ऐकून मला आता मुख्य कार्यालयाशी भांडायचं बळ आलं. आणि त्या बसल्या जागी वाकल्या.

सहकारी माझ्या चौकोनाकडे बघत होता. "काय म्हणाल्या?"

"थँक यू म्हणाल्या," मी सांगितलं. "उत्तर उपयोगी पडलं म्हणाल्या."

प्रसंग राहिला. करारही झाला, दोन वर्षांचा. करारासोबत ओसाकाहून एक विनंती आली. त्या दिवशी ज्या गृहस्थांनी इतकं मनापासून उत्तर दिलं त्यांनीच आमचं पुढचं सगळं काम पाहावं.

मालकाने मला तळ्याकाठच्या कॅफेत बोलावलं. खुर्च्या लांब लांब मांडलेल्या होत्या, त्यामुळे त्याला थोडं मोठ्याने बोलावं लागत होतं.

"ते त्यालाच मागतायत. मी काय करू? लीडची जागा एकच आहे."

"तुम्ही मला म्हणाला होतात..."

"म्हणालो होतो. आणि मनापासून म्हणालो होतो. पण तू माझ्या जागी असतास तर काय केलं असतंस?" त्याने कॉफी ढवळली. "आणि त्याला स्पॉन्सर वगैरे काही लागत नाही, ते एक आहेच. तू इंटरप्रिटर म्हणून कॅज्युअल राहा ना, लागेल तेव्हा तासांवर. त्यात तुझा हात कोणी धरणार नाही."

मी त्याला खरं सांगू शकलो असतो. त्या दिवशी काय बोललं गेलं ते समजणारा, ओसाकाची खोली सोडली तर, मी एकटाच होतो. पण काय सांगणार? की तुमच्या माणसाने 'कापा' म्हटलं आणि मी 'कापू नका' सांगितलं? मग माझ्या दुभाष्याच्या कामावर कोण विश्वास ठेवणार? आणि करार ज्या उत्तरावर झाला ते उत्तर त्याचं नाही हे ओसाकाला कळवणार कोण? मालक नक्कीच नाही.

"नो वरीज," मी म्हणालो.

घरी आल्यावर रूममेटने काही टोमणा मारला नाही. त्याने चहा केला. त्यावरून मला कळलं की माझी अवस्था खरंच वाईट दिसत असणार.

"सांगून टाक त्या बाईला," तो म्हणाला. "तुला येतं की जपानी. सरळ ईमेल लिही."

"आणि काय लिहू? तुम्ही ज्याच्यावर खूश झालात तो गोरा माणूस नव्हता, उदगीरचा होता?"

"हो! हेच लिही!"

"त्यांना पाश्चात्त्य माणसाने समजून घेतलं याचा आनंद झाला होता रे. मी समजून घेतलं यात त्यांना काय? मुख्य कार्यालयाशी त्या भांडणार कशाच्या जोरावर?"

त्याने रिकामे कप उचलले.  जपानी प्रकाशक पश्चिमेत कसे यशस्वी होतात यावर मी पानंच्या पानं लिहिली होती. आपलं आहे तसं ठेवायचं आणि ते पाश्चात्त्याच्या तोंडी द्यायचं, म्हणजे सगळ्यांना पटतं. हा शेवटचा भाग माझ्या अहवालात नव्हता. तो मी स्वतःवर करून पाहिला.

वडिलांचा फोन आला. मागे गिरणी चालू होती.

"काय करलालास? आला का तुझा गेम?"

"येईल बाबा आता."

"नाव येतंय का त्यात तुझं? सिनेमाला येतंय तसं?"

"नाही बाबा. आम्ही बाहेरच्या कंपनीचे. आमची नावं नसतात."

"नसू दे. साहेबानं ठिवलंय ना कामावर? मग झालं तर."

"हो," मी म्हणालो.

व्हिसा संपायच्या आत मला टूवूंबाच्या एका हॉस्पिटलात कॉम्प्युटर दुरुस्तीच्या विभागात नोकरी मिळाली. शहराबाहेरच्या भागासाठीचा वेगळा व्हिसा होता, त्यात बसलो. जपानीचा इथे काही उपयोग नव्हता. इथे बसगाड्या जवळजवळ नाहीतच, म्हणून जुनी गाडी घेतली. ज्या बाई फोनवर माझ्याशी बोलल्या होत्या त्या याच गावच्या. कोणत्या हॉस्पिटलात ते मला माहीत नव्हतं, आणि खेळणाऱ्यांची नावं आम्ही बाहेर काढत नसू. वॉर्डात एखादी बाई शिफ्ट संपवून हात धूत असली की मी थोडा वेळ बघत राहायचो. विचारलं कधीच नाही.

गेम आला आणि चालला. प्रकाशकाला अपेक्षा नव्हती इतका चालला. वाकणाऱ्या त्या मुलीचं चित्र लोक टी-शर्टवर घालू लागले. गेमच्या एका साइटवर लेख आला, की या जपान्यांनी पश्चिमेचं मन कसं ओळखलं. त्यात आमच्या सहकाऱ्याची मुलाखत होती. त्याने नम्रपणे सांगितलं होतं, की आम्ही खेळाडूंचं ऐकलं, बाकी काही नाही. उंबऱ्याचं वाक्यही होतं त्यात. शेवटपर्यंत वाचला मी तो लेख. इंग्रजी चांगलं होतं.

त्यानंतर काही महिन्यांनी मालकाचा मेसेज आला. निर्मात्या बाई निवृत्त होतायत, जायच्या आधी त्यांना आमच्या सहकाऱ्याला ऑनलाइन भेटून त्याचे आभार मानायचे आहेत. दुभाष्या मागचाच असावा, म्हणजे मी, असं त्यांनी सांगितलं होतं. त्याची भाषा नम्र आहे म्हणे. मी दुपारच्या सुट्टीत हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये गाडीत बसलो, लॅपटॉप स्टिअरिंगला टेकवला. माझा चौकोन होता तसाच, राखाडी.

बाईंनी या वेळी मास्क घातला नव्हता. त्यांचं तोंड मी पहिल्यांदाच पाहिलं. त्या म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही म्हणालात, की वाकणं कळायला जपानी असावं लागत नाही, दिवसभर काम केलेलं असावं लागतं. आणि त्या हॉस्पिटलातल्या बाईंबद्दल सांगितलंत. ते वाक्य मी मुख्य कार्यालयात जसंच्या तसं म्हटलं. तो प्रसंग वाचला तो तुमच्यामुळे."

मागच्या वेळी मी 'थँक यू म्हणाल्या' एवढ्यावर भागवलं होतं. या वेळी सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही. वाकणं, दिवसभराचं काम, हॉस्पिटलातल्या बाई, मुख्य कार्यालय. सावकाश, स्वच्छ इंग्रजीत, एखाद्या चांगल्या दुभाष्याने सांगावं तसं.

सहकाऱ्याचा चेहरा मी बघत होतो. तो आधी हसत होता. मग त्याच्या कपाळावर आठी आली. आपण असं काही म्हणालोच नाही हे त्याला आठवलं, आणि मग कोण म्हणालं असेल तेही. त्याने माझ्या चौकोनाकडे पाहिलं. मालक खालच्या कोपऱ्यात आनंदाने मान हलवत होता. बाई वाट बघत होत्या.

त्याला बोलायला पुरेसा वेळ होता. जपानी बैठकीत शांतता चालते.

मग त्याने घसा साफ केला आणि आपल्या त्या सुंदर आवाजात म्हणाला, "नो वरीज."

मी ते जपानीत सांगितलं. त्या भाषेत अशा वेळी म्हणायचं एक फार नम्र वाक्य आहे, की छे, माझी एवढी लायकी नाही. टिळक रोडच्या बाईंनी ते घोटून घेतलं होतं, आणि उत्तराला मोठा गोल दिला होता. मी तेच वापरलं. बाई खोल वाकल्या, त्याच्या चेहऱ्याकडे बघत.

बैठक संपल्यावर लगेच त्याचा मेसेज आला. "चीअर्स मेट. भेटलो की बिअर माझ्याकडून." मी अंगठ्याचं चित्र पाठवलं. तिसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डातला प्रिंटर सकाळपासून बंद पडला होता. मी लॅपटॉप मिटला, गाडी लॉक केली आणि आत गेलो.